पुंजाजी मिस्त्री आणि टोचनगाडीची जोडी

पुंजाजी मिस्त्री खोटं बोलतो, पण कामात कधी नाही, असं मोताळ्यात सगळे म्हणत. ते तितकंसं खरं नव्हतं. पुंजाजी कामातही खोटं बोलायचा. फक्त ते खोटं गाडीच्या भल्याचं असायचं, आणि गाडीला तोंड नसल्यामुळे ते बाहेर पडायचं नाही.

मलकापूरच्या रस्त्याला लागून, लिंबाच्या झाडाखाली त्याचं टिनाचं शेड होतं. अंगाने काटकुळा, मिशीला सदा ग्रीस लागलेलं, आणि बोलणं असं की बंद पडलेलं इंजिनसुद्धा ऐकायला थांबलं असावं. त्याची बायको शालूबाई म्हणायची, "यायच्या हाताले जितकं काम हाये, त्याच्या दुप्पट जिभेले हाये." पुंजाजीला ही स्तुती वाटे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही हकिकत. राजूरच्या घाटात कापसाच्या गाठींचा एक ट्रक बंद पडला आणि त्याला बाहेर काढायला गावोगावच्या बैलजोड्या जुंपाव्या लागल्या. हे किसनरावांनी डोळ्यांनी पाहिलं. किसनराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. कपाशी, ज्वारी, मळ्यात मिरची, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त जीव कशावर, तर शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर. त्यांची बैलजोडी पटात सुटली की ते स्वतः जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या मागे धावत आणि धोतर सावरायचं विसरून जात. घाटातला तो ट्रक पाहून ते थेट पुंजाजीच्या शेडवर आले.

"पुंजाजी, आपुन एक टोचनगाडी बनवू. बंद पडेल गाड्या ओढ्याले. सारा घाट आपला."

मग किसनरावांनी लष्कराच्या लिलावातून लढाईच्या काळातली एक जुनी गाडी आणली. पुढून ती रागावलेल्या रेड्यासारखी दिसायची आणि मागून काहीच नव्हतं, नुसती चौकट. पुंजाजीने त्या चौकटीवर रुळाच्या तुकड्यांची तीन पायांची तिकाटणी उभी केली, तिला अवजड ओझं उचलायची चेनकुप्पी टांगली, मागे जाड साखळी आणि आकडा लावला. इंजिन खोलून पुन्हा बसवलं. ते सुरू झालं तेव्हा लिंबावरचे कावळे जे उडाले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

राहिला फक्त मागचा एक्सल. त्याच्या आतले दात झिजून पार गेले होते. इंजिनाकडून येणारा लांब दांडा जिथे मागच्या चाकांना मिळतो, तिथे एक लहान आणि एक मोठं अशी दोन दातेरी चाकं असतात. मिस्त्री लोक त्यांना क्राऊन-पिनियनची जोडी म्हणतात. खामगावच्या भंगारवाल्याकडे पुंजाजीला या गाडीत बसतील अशा दोन जोड्या मिळाल्या. दोन्ही त्याने शेडमध्ये पोत्यावर मांडल्या आणि किसनरावांना बोलावणं पाठवलं.

"पाहा किसनभाऊ. ह्या जोडीत दांडा पाचदा फिरला का चाक एकदा फिरते. गाडीत मुळात अशीच होती. अन ह्या दुसऱ्या जोडीत दांडा साडेसहादा फिरते तवा चाक एकदा."

"मंग? फरक काय पडते?"

पुंजाजीने मिशी पुसली आणि किसनरावांना समजेल त्या भाषेत सांगितलं. "पयली शंकरपटाची जोडी हाये. पयते, पन ओढत नाई. दुसरी नांगराची. हळू चालते, पन जिथं लावसान तिथून जमीन उपटून आनते."

पुंजाजीच्या आयुष्यातली ही मोठी चूक. किसनरावांसमोर शंकरपटाचं नाव काढायचंच नव्हतं. त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी वाकून पहिल्या जोडीवर असा हात फिरवला, जसा बैलाच्या वशिंडावर फिरवतात.

"हेच बसव."

"भाऊ, टोचनगाडी हाये. घाटात दहा टनाचा ट्रक मांगं लटकन. ह्या जोडीनं क्लच जळन आपला."

"काऊन जळन? मानूस जोरात पयत गेला तं ओझं बी जोरात वढते. मले पटाचीच पायजे. गावातून निंगाली पायजे तं लोकायनं बाजूले झालं पायजे."

किसनराव गेले. पुंजाजी पोत्यासमोर बसून राहिला. त्याला घाटाची काळजी होती, हे खरं. पण त्याहून जवळची काळजी स्वतःच्या जिवाची होती. टोचनगाडीत मिस्त्री बाजूला बसणार, आणि चालवणार किसनराव. मागल्या वर्षी किसनरावांनी नवी मोटारसायकल घेतली होती. पहिल्याच दिवशी ती जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगात घुसली, आणि सरकी नसती तर भिंतीत घुसली असती. ढिगातून बाहेर येताना त्यांच्या तोंडात, कानात सरकी, आणि पहिला प्रश्न, "किती स्पीड होता बे?" असा माणूस, आणि ह्या गाडीचे ब्रेक असे की आधी दाबावे, मग देवाचं नाव घ्यावं आणि मग वाट पाहावी.

रात्री जेवताना त्याने शालूबाईला सारं सांगितलं.

"मंग त्यायले सांगा ना सरळ, का तुमच्या गाडी चालवन्याचं मले मरनाचं भेव वाटते म्हनून."

"असं कसं सांगू? मालक मानूस."

"मंग नांगराची बसवा अन पटाची हाये म्हना. दात पोटात असतात, कोन पाह्यते?"

शालूबाई हे चेष्टेत बोलली होती. पण पुंजाजीचा घास हातातच राहिला. मग तो इतका खुशीत हसला की शालूबाईने भाकरीचं टोपलं त्याच्यापासून दूर सरकवलं. असं हसल्यावर तो दोन भाकरी जास्त खायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने नांगराची जोडी बसवली, झाकण लावलं, बोल्ट आवळले. पटाची जोडी पोत्यात गुंडाळून भंगारात, जुन्या रेडिएटरखाली गाडली. तो हात धूत होता तेवढ्यात किसनराव आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की मिस्त्री लोक भलतंच बसवतात.

"मले मोजून दाखव. दांडा पाचदा फिरला का चाक एकदा, असं म्हनला होता ना तू?"

 पुंजाजीच्या जिभेच्याही आधी त्याचे हात कामाला लागले. त्याने जॅक आणला आणि मागचं एकच चाक उचललं. दुसरं जमिनीवरच राहू दिलं आणि त्याला दगड लावले. आता एक्सलचा एक स्वभाव असतो. एका बाजूचं चाक अडकवून ठेवलं तर त्याच्या वाट्याचं फिरणंही दुसऱ्या चाकाला मिळतं आणि ते दुप्पट फिरतं, म्हणजे साडेसहाचे सव्वातीनच होतात. पुंजाजीला हे ठाऊक होतं. किसनरावांना नव्हतं.

"चाकावर खडूनं खून करा भाऊ, अन दांडा तुमीच फिरवा. मी हात लावत नाई."

किसनराव गाडीखाली शिरले. दांडा फिरवत मोठ्याने मोजू लागले. "एक... दोन... तीन..." आणि तिसऱ्या फेऱ्यानंतर थोडं पुढे जाताच चाकावरची खडूची खूण परत वर आली.

किसनराव धोतराला माती लावून बाहेर आले. चेहरा असा, जसं काही त्यांना जुळं झालं.

"पुंजाजी! तू पाच म्हनला होता. हे तं तीनातच फिरलं!"

"मी नवं ग्रीस भरलं ना," पुंजाजी जमिनीकडे पाहत म्हणाला. "त्यानं मोकळं झालं असन."

गाडी रस्त्यावर आली आणि किसनराव चालकाच्या जागेवर बसले. पुंजाजीने एक हात दाराच्या मुठीला धरला, पण मनातून तो निश्चिंत होता. ही गाडी आता जास्तीत जास्त किती पळेल हे त्याने हिशोबून ठेवलं होतं. एक गोष्ट मात्र त्याने हिशोबात धरली नव्हती, आणि ती त्याच्या बाजूने निघाली. गाडीचं वेग आणि मैल दाखवणारं डायल मूळच्या दातांच्या मानाने केलेलं. ते मोजायचं दांड्याचे फेरे, चाकांचे नाही. आता दांडा जास्त फिरत होता, म्हणून काटा बिचारा इमानदारीने वर चढत गेला. चाळीस. पंचेचाळीस. इंजिन बोंबलत होतं, टप थरथरत होता, आणि काटा पन्नासला टेकला.

"पन्नास!" किसनराव ओरडले. "पाह्यतं का बे, पन्नास!"

पुंजाजीने बाहेर पाहिलं. बाभळी अगदी सावकाश, ओळख देत देत मागे जात होत्या. तो गंभीरपणे म्हणाला, "भाऊ, जरा हळू. पोटात कालवून राह्यलं."

किसनराव इतके सुखावले की त्यांनी खरंच हळू केली.

एकदा मात्र किसनरावांनी विचारलंच. डायलवर मैल भराभर पडत, पण गाव काही लवकर येत नसे. त्या साली रस्त्याकडेचे मैलांचे जुने दगड उपटून किलोमीटरचे नवे बसवत होते. पुंजाजीने त्या दगडाकडे बोट दाखवलं.

"सरकारनं मापच बदलवलं ना भाऊ. नव्या मापात सारंच उलटंपालटं झालं. आपलं डायल जुनं हाये, त्याले अजून कोनी सांगतलं नाई."

किसनरावांनी मान डोलावली. सरकारवर ढकललेली गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

असंच गोडीगुलाबीने चाललं असतं. पण किसनरावांना आपलं सुख एकट्याने भोगता येईना. मोताळ्याच्या आठवडी बाजारात, चहाच्या टपरीवर त्यांनी उत्तमरावांसमोर विषय काढला. उत्तमराव म्हणजे मोताळा-मलकापूर सर्व्हिस मोटारीचे मालक. स्वतःच चालवत, स्वतःच तिकिटं फाडत आणि स्वतःच म्हाताऱ्यांशी भांडत.

"तुह्यी मोटार पंचेचाळिसाच्या वर गेली का कधी?" किसनरावांनी विचारलं.

"माह्या मोटारीत मानसं असतात. वर कायले नेऊ?"

"माह्यी टोचनगाडी पन्नासानं जाते."

टपरीवर जे हसू उठलं, त्यात उत्तमरावांचा आवाज सगळ्यात मोठा होता. "टोचनगाडी? माह्यी मोटार मलकापुरात जाईन, मी चहा पेईन, दाढी करीन, एक डुलकी काढीन, तरी तुमी रस्त्यातच असान."

शब्दाला शब्द वाढला. ठरलं असं की मलकापूरच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही गाड्या एकदमच सुटायच्या. जो मागून पोचेल त्याने साऱ्या टपरीला गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण द्यायचं, वांग्याच्या भाजीसकट.

पुंजाजीने हे ऐकलं तेव्हा तो एका ट्रकखाली पडलेला होता. तो तिथेच बराच वेळ पडून राहिला. पटाची जोडी परत बसवायची म्हटली तर झाकण खोलावं लागेल, आणि किसनराव आता दिवसभर गाडीजवळून हलत नव्हते. तिला झेंडूची माळसुद्धा घातली होती त्यांनी. पुंजाजीने पोट दुखण्याचं नाटक करून पाहिलं. किसनराव म्हणाले, "गाडीत झोप." मग मात्र इलाज उरला नाही.

त्या सकाळी मोटारीत नेहमीपेक्षा दुप्पट माणसं चढली. बाजार सगळ्यांनाच गाठायचा होता आणि शर्यत फुकटात पाहायला मिळणार होती. दाराजवळच्या बाकावर धामणगाव बढ्याच्या सुभद्राबाई बसल्या होत्या. वांग्यांची भरलेली डाल मांडीवर, आणि चेहरा असा की वाटेत कोणी डालीला धक्का लावून दाखवावाच.

कोणीतरी उपरणं हलवलं आणि गाड्या सुटल्या. पहिल्या वळणापर्यंत दोन्ही बरोबर होत्या, कारण मध्ये म्हशी होत्या. म्हशी गेल्या आणि मोटार सरसर पुढे निघाली. मागच्या खिडकीतून पोरंटोरं हात हलवत होती. ती हळूहळू लहान होत गेली, मग धूळ झाली, मग धूळही दिसेना.

किसनरावांनी डायल पाहिलं. पन्नास. पुन्हा रस्ता पाहिला. रिकामा.

"पुंजाजी, आपुन पन्नासानं चाललो."

"हाव."

"उत्तमची मोटार पंचेचाळिसाच्या वर जात नाई. साऱ्या तालुक्याले माईत हाये."

"आज तिनं जोर केला असन भाऊ."

किसनरावांनी पाय आणखी दाबला. बराच वेळ गाडी बोंबलत चालली. मग त्यांनी डायलवरचे मैल वाचले आणि तोंडातल्या तोंडात हिशोब केला.

"ह्या आकड्यानं आपुन मलकापूर मांगं टाकून पार एदलाबादच्या रस्त्याले लागलो असतो. अन समोर तं मलकापूर आलंच नाई. आता सरकारचं नाव घेशीन तं याद राख."

पुंजाजीने तोंड उघडलं आणि त्याच्या जन्मात पहिल्यांदा त्यातून खरं ते बाहेर पडलं.  नांगराची जोडी, उचललेलं एक चाक, डायल, सारं. सरकीचा ढीगसुद्धा. सांगताना त्याला वाईट वाटण्याऐवजी मोकळं वाटू लागलं, आणि खडूच्या खुणेपाशी तो चुकून हसला.

किसनरावांनी ब्रेक दाबला. गाडी थांबेपर्यंत दोघांनाही वाट पाहावी लागली.

"उतर."

"भाऊ, मी तं तुमच्याच जिवासाठी..."

"माह्या जिवासाठी का तुह्या? उतर बे!"

पुंजाजी उतरला. टोचनगाडी धूर सोडत, पन्नासचा काटा दाखवत, सावकाश निघून गेली. सावकाशच, पुंजाजीला ती कितीतरी वेळ दिसत होती. तो रस्त्याच्या कडेने चालू लागला. मनात विचार एकच, की शालूबाईला हे सांगताना कुठून सुरुवात करावी म्हणजे शेवट चांगला वाटेल.

एवढ्यात समोरून विचित्र आवाज आला. टोचनगाडी उलटी, मागच्या मागे येत होती. वाकडीतिकडी, एकदा शेताच्या बांधाला शिवून. त्याच्याजवळ येऊन ती उभी राहिली. किसनराव समोरच पाहत होते.

"बस."

"कुठं?"

"वर बस म्हनतो ना! मले ते साखळी लावता येत नाई."

पुढे नाल्यावर पुलाचं काम चालू होतं आणि गाड्यांना खालच्या वाळूतून जावं लागे. एरवी उत्तमराव तिथे सगळ्यांना उतरवून रिकामी मोटार पलीकडे नेत. आज शर्यत. त्यांनी कोणालाच उतरू दिलं नाही. भरलेली मोटार वाळूत शिरली, चाकं जागच्या जागी गरगरली, आणि उत्तमरावांनी रागाने आणखी रेस दिली तेव्हा मागे खाडकन आवाज होऊन एक्सलच तुटला. आता मोटार पोटापर्यंत वाळूत बसली होती आणि सुभद्राबाई काठावर उभ्या राहून बोलत होत्या.

"आमी म्हनलं व्हतं उतरतो म्हनून! पाय मोडले व्हते का आमचे? माह्ये वांगे उन्हात सुकून राह्यले, अन याले पयायचं पडलं!"

पुंजाजी खाली उतरला. मोटारीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, वाळू हातात घेऊन उगीच चोळली. आपली गरज पडली आहे हे कळल्यावर माणूस जितका सावकाश चालू शकतो तितका तो चालला. मग त्याने साखळी लावली, टोचनगाडी पलीकडच्या घट्ट जमिनीवर उभी केली आणि किसनरावांना म्हणाला, "पयल्या गियरात. पाय अलगद. घाई करसान तं साखळी तुटन."

किसनरावांनी क्लच सोडला. साखळी ताणली, कण्हली. टोचनगाडी थोडी बसली, मग एकेक पाऊल टाकणाऱ्या बैलासारखी पुढे झाली. इंजिनाचा आवाजसुद्धा वाढला नाही. आणि माणसांनी ठासून भरलेल्या सामानासकट ती मोटार वाळूतून अशी वर आली, जशी लोण्यातून सुरी यावी. काठावरचे लोक ओरडले. किसनरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. शंकरपट जिंकल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा, त्याहून हा वेगळा होता. थोडा घाबरलेला, थोडा लाडाचा.

"काय ताकद हाये बे हिची," ते हळूच म्हणाले.

मोटार आता मलकापुरापर्यंत ओढूनच न्यावी लागणार होती. उत्तमराव घाम पुसत आले. आवाज एकदम मऊ.

"किसनभाऊ, एक म्हनू का? मांगून ढकलता नाई का येनार?"

"मांगून कायले?"

"म्हंजे... माह्यी मोटार पुढं राहीन."

किसनरावांच्या आधी पुंजाजीच बोलला. "टोचनगाडी ओढते, उत्तमराव. ढकल्याचं काम तिच्यात बसवलं नाई."

तर अशी ती मिरवणूक मलकापुरात शिरली. पुढे झेंडूची माळ घातलेली टोचनगाडी, मागे साखळीला बांधलेली सर्व्हिस मोटार, आणि तिच्या स्टिअरिंगवर मान खाली घातलेले उत्तमराव. बाजारातले लोक दुतर्फा उभे राहिले. बाजूला झाले, असंही म्हणता येईल. मोटारस्टँडवर उत्तमरावांनी वाद घालून पाहिला की बांधलेली गाडी शर्यतीत धरत नाहीत. पण सुभद्राबाई डाल घेऊन उतरल्या आणि त्यांनी निकाल दिला.

"जे पुढं आलं थे पयलं. तुमी साखळीभर मांगं व्हते. रोडग्याले वांगे पायजे असतीन तं आत्ताच सांगा, मंग उरनार नाईत."

त्यांची अर्धी डाल तिथेच खपली.

रोडग्यांचं जेवण झकास झालं.  पंगतीत पुंजाजीच्या पानावर किसनरावांनी स्वतः तूप ओतलं, इतकं की रोडगा पोहू लागला, आणि कानाशी म्हणाले, "त्या एक्सलले हात लावू नको. अन डायल बी तसंच राहू दे. जवाई आले का त्यायले पन्नासानं फिरवून आनतो."

पुढे कितीतरी वर्षं ती गाडी राजूरच्या घाटात कामाला जायची. हिवाळ्यात कापसाचे ट्रक वळणावर अडकले की ड्रायव्हर पुंजाजीच्या शेडवर माणूस धाडत. पुंजाजी म्हातारा झाला, किसनरावांनी चालवणं सोडलं, पण त्या दिवशी शर्यत झाली की नाही हा वाद टपरीवर चालूच राहिला. अर्धे म्हणत किसनराव जिंकले, अर्धे म्हणत उत्तमरावांची मोटार बंद पडली त्याला जिंकणं म्हणत नाहीत. शेवटी कोणीतरी पुंजाजीला विचारायचं, कारण तो तिथे हजर होता. पुंजाजी मिशी पुसायचा, दोन्ही बाजूंकडे नीट पाहून घ्यायचा आणि चहा कोणाकडून येतो ते दिसेपर्यंत काही बोलायचा नाही.